लाल औषध आत का शिरलं

शिवलीलाताई. हे नाव आधी लिहितो, मग बाकीचं.

खरं नाव हे नव्हे. ‘छापायचंच असंल तर माझं नाव घालू नका मामा,’ असं त्यांनी फोनवर बजावलं, म्हणून मीच हे ठेवलं. ताई उदगीरच्या, लिंगायत घरातल्या, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. लातूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी आज शिपाई म्हणून टिकून आहे तो त्यांच्यामुळं. माझी नोकरी वाचवताना त्यांचं स्वतःचं एक वर्ष गेलं. दिवाळी अंकासाठी ‘कामातले अनुभव लिहा’ असा निरोप आला तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. एवढं वाचून कुणी पान उलटलं तरी माझी हरकत नाही. मुख्य ते सांगून झालं.

मी नायगाव तालुक्यातला. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळं आमच्याकडं घरात मराठी आणि शेतात अर्धी तेलुगू. आठवीनंतर शाळा सुटली. कुणी काढलं नाही, मीच गेलो नाही. मास्तर नाव घेतील म्हणून शाळेच्या वाटेवरूनच मागं फिरायचो. मग लातूरच्या डाळमिलमध्ये आलो, तुरीच्या धुरळ्यात काही वर्षं काढली, खोकला जडला, आणि ओळखीनं या प्रयोगशाळेत साफसफाईला लागलो. कंत्राटावर. नायगाव ते लातूर अंतर फार नाही म्हणतात. ज्यांची आई लातुरात आहे तेच असं म्हणतात.

आमच्या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी झाडू घेऊन दाराबाहेरच थांबलो होतो. प्रयोगशाळा ज्यांच्याकडं आहे त्या सरांचा विद्यार्थी अझहर, औशाचा पोरगा, आतून म्हणाला, “क्या मामा, या की आत. त्या उडून अंगावर येत न्हाईत. तुमच्यापेक्षा त्याच जास्त भित्र्या हायत. जरा गार लागलं की मरतात.”

ते खरं निघालं. पेशींइतकं नाजूक जित्राब मी पाहिलं नाही. चपट्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाला त्या चिकटून बसतात, नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. वर गुलाबी पाणी असतं, ते त्यांचं अन्न. माणसाच्या अंगाइतकं ऊबदार ठेवणारं एक कपाट असतं, त्यात बाटल्या राहतात. अन्न संपत आलं की गुलाबी पाणी पिवळं पडतं. म्हणजे आता बदला. अन्न बदलताना तोंड दुसरीकडं करायचं, हाताला स्पिरिट लावायचं, गप्पा मारायच्या नाहीत. बुरशीचा एखादा कण आत गेला तर सगळी बाटली कामातून जाते. काचेचं सामान धुऊन मोठ्या प्रेशर कुकरसारख्या भांड्यात वाफवायचं, हे माझं काम. साबणाचा अंश राहून चालत नाही. का चालत नाही, ते पुढं कळलं. पेशीचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं. खरकट्या ताटाचा तेलकटपणा साबण जसा काढतो, तसा तो पेशीही फोडतो.

मी एकदा अझहरला विचारलं, “ह्या पेशी कुणाच्या?”

“परदेशातल्या कोण्या बाईच्या. ती कधीच वारली. पेशी राहिल्या, वाढतच राहिल्या.”

“तिच्या घरच्यांना ठाऊक हाय का?”

अझहर एरवी प्रत्येक गोष्टीवर हसतो. तेव्हा हसला नाही. “ते मलाबी माहीत न्हाई मामा,” म्हणाला.

आता औषधाचं सांगतो. कॅन्सरवरचं एक औषध लालभडक असतं. ज्यांच्या घरात कुणाला ते लावलंय त्यांना ती लाल बाटली माहीत असेल. लघवीसुद्धा लाल होते, घरचे घाबरतात. या औषधाचा एक गुण असा, की विशिष्ट रंगाचा उजेड टाकला की ते चमकतं. त्यामुळं पेशीच्या आत किती शिरलं ते बघता येतं. सरांचा अभ्यास तोच होता. काही पेशींत हे औषध भराभर शिरतं आणि त्या मरतात. काही पेशी निर्ढावलेल्या असतात, त्यांच्यात ते शिरता शिरत नाही. का?

लातुरात अझहर पेशी फोडून मशीनवर मोजायचा की औषध किती आत गेलं. तिथं आकडा मिळायचा. पण जिवंत पेशीत ते लाल चमकताना बघायचं तर खास सूक्ष्मदर्शक लागतो. तो आमच्याकडं नव्हता, नांदेडला होता. तिथं शिवलीलाताई पीएच.डी. करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक आमचे सरच, जागा मात्र नांदेडची. म्हणजे पेशी लातूरहून नांदेडला न्यायच्या. न्यायच्या कुणी? विद्यार्थ्यांना वेळ नव्हता. कुरियरवाला पेटी उलटीपालटी करतो. मी नेमानं घरी जाणारा माणूस, नांदेडवरूनच पुढं नायगावची गाडी धरणारा. सर म्हणाले, “व्यंकट, तू जा.”

माझ्या हाती एवढं जोखमीचं काम कुणी कधी दिलं नव्हतं. सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस मी, पण पहिल्या फेरीला घाबरून दोनदा चहा घेतला. बाटली गुलाबी पाण्यानं गळ्यापर्यंत भरायची. अर्धी ठेवली तर गाडीच्या धक्क्यानं पाणी हिंदकळतं आणि पेशी तळापासून सुटतात. बूच गच्च. बाजूला कोमट पाण्याच्या बाटल्या, सगळं थर्मोकोलच्या पेटीत, पेटी मांडीवर. लोहा गाव यायच्या आधी रस्ता खराब होता तेव्हा मी पेटी दोन्ही हातांनी हवेत धरून बसायचो. लोक बघायचे.

एकदा कंडक्टरनं विचारलं, “मामा, काय हाय पेटीत? मासे?”

मला खोटं पटकन सुचत नाही. “पेशी,” म्हणालो.

“कशाच्या?”

“कॅन्सरच्या.”

शेजारच्या बाईनं पिशवी उचलली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मग कुणाशी तरी हळू बोलली, आणि अहमदपूर येईपर्यंत माझ्या आजूबाजूच्या दोन ओळी रिकाम्या. गर्दीच्या गाडीत इतका ऐसपैस मी कधी बसलो नव्हतो. पण मागच्या सीटवरचा एक म्हातारा उठून मुद्दाम जवळ आला. पेटीकडं बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “असा बाहेर काढून पेटीत घालता येतो व्हय त्याला? मंग माझ्या भावाचा का न्हाई काढला?”

मी सरकून त्याला जागा करून दिली. म्हातारा लोह्याला उतरला. तेव्हापासून कुणी विचारलं की ‘दवाखान्याचं सामान’ एवढंच सांगतो.

नांदेडला ताई दारातच वाट बघत असायच्या. कपाळाला विभूतीची बारीक रेघ, हातात मोजे. बाटली उजेडाकडं धरून म्हणायच्या, “आल्या का पाव्हण्या? प्रवास बरा झाला का?” हे त्या पेशींना विचारायच्या, मला नव्हे. मग मला म्हणायच्या, “मामा, तुम्ही बसा. चहा सांगते.”

नायगावच्या गाडीला वेळ असायचा. मी बाकावर बसून प्रश्न विचारायचो. कुणी शिकलेल्या माणसानं माझ्या प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यावं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. लोक ‘तुला काय करायचंय’ म्हणतात. ताई म्हणायच्या, “थांबा, हे हातातलं होऊ द्या, मंग सांगते.” आणि खरंच सांगायच्या.

“पेशीला भिंत असते म्हणता. मग तिला दार कुठं असतं?”

“भिंत म्हणू नका. पापुद्रा म्हणा. चरबीचा दुपदरी पापुद्रा. दारंबी असतात, पण हे औषध दाराची वाट बघत न्हाई. ते स्वतः जरा तेलकट हाय, त्यामुळं पापुद्र्यातूनच झिरपत आत जातं.”

“मग सगळ्या पेशींत सारखंच झिरपायला पाहिजे.”

“तिथंच तर आमची भाकरी हाय मामा.” त्या हसल्या. “उदगीरला आमच्या किराणा दुकानात थंडीत डालड्याचा डबा उघडला तर काय दिसतं? दगड. अन् करडीचं तेल?”

“ते तर वाहतंच. कितीबी थंडी असू दे.”

“दोन्ही चरबीच. पण डालड्यातल्या चरबीचे धागे सरळ असतात, करडीतले वाकडे. सरळ धागे एकमेकाला चिकटून बसतात, मधी फट राहत न्हाई.”

मला आमच्या परसातल्या तुराट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, आठवल्या. सरळ तुराट्यांचं भिंतीसारखं कूड घातलं तर मांजर जात नाही. बाभळीच्या वाकड्या फाट्यांचं केलं तर कोंबडीसुद्धा आरपार जाते. मी तसं म्हणालो.

“हाव, तसंच काहीसं. फक्त कूड जागेवर उभं असतं. हा पापुद्रा सारखा हलत असतो, धागे जागा बदलत असतात. अन् मधी कोलेस्टेरॉल असतं. ते फटीत जाऊन बसतं, लिंपल्यासारखं. निर्ढावलेल्या पेशींत ते जास्त सापडतं. पापुद्रा आवळलेला, औषध बाहेरच रेंगाळतं. त्यात पुन्हा काही पेशींकडं आत आलेलं औषध बाहेर फेकायचे पंप असतात. ते वेगळं प्रकरण, त्याच्यात आज शिरू नका. तुमची गाडी जाईल.”

गाडी कधीकधी गेलीच. नायगावला उशिरा पोचलो की आई म्हणायची, “कुठं उलथला होतास?” मी सांगायचो, पापुद्र्यात अडकलो होतो. तिला वाटायचं हे एखाद्या गावाचं नाव.

असं सुरळीत चाललेलं असताना आकडे जुळेनात.

काय झालं ते सोपं करून सांगतो. निर्ढावलेल्या पेशी होत्या त्यांच्यात लातूरच्या मशीनवर औषध थोडंच शिरलेलं दिसायचं, अपेक्षा होती तसंच. त्याच पेशी मी नांदेडला न्यायचो. तिथं ताई त्यांना काही आठवडे रुळू द्यायच्या, वाढवायच्या, मग औषध घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. तर तिथं त्या आतून लालबुंद. तीच पेशी, तेच औषध, तेवढाच वेळ. लातुरात बाहेर, नांदेडात आत.

अझहरनं पुन्हा केलं. ताईंनी पुन्हा केलं. फरक कायम. सर चिडचिडे झाले. एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं. अझहर तिथंच उभा होता, खाली बघत.

“व्यंकट, पेटी तू थेट नांदेडला नेतोस ना?”

“हो सर.”

“मधे कुठं उतरत नाहीस?”

“न्हाई सर. लघवीलाबी न्हाई.”

“तुझी आई मागे आजारी होती. आधी नायगावला जाऊन मग नांदेडला परत आला असशील एखाद्या वेळी, पेटी तशीच घेऊन. तसं असेल तर सांग. मी रागावणार नाही.”

मी मान हलवून न्हाई म्हणालो. पण सरांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. पेटी तापली, किंवा धक्के फार बसले, तर पापुद्र्याला इजा होते. इजा झालेल्या पापुद्र्यातून औषध सहज आत जातं. ताईंनी निळ्या रंगाची परीक्षा केली होती. तो रंग फक्त मेलेल्या पेशीत शिरतो, आणि पेशी मेलेल्या नव्हत्या. पण सर म्हणाले, “मेलेलीचं कळतं. अर्धमेलीचं काय? ती काही आठवड्यांतही सावरली नसेल तर?” दोन्ही ठिकाणी सगळं सारखं होतं, मग फरक करणारी गोष्ट मधला रस्ताच. आणि रस्ता म्हणजे मी.

बाहेर आल्यावर अझहर म्हणाला, “मामा, मी सांगितलं सरांना, मामा असं करणार न्हाईत म्हणून.”

“मग?”

“मग काय. म्हणाले, पुरावा दे. ‘मामा लई भित्रे हायत’ हा काय पुरावा हाय का?”

त्याला चेष्टा करायची नव्हती, पण तोंडातून निघाली ती तशीच. चार दिवसांनी कंत्राटदाराचा माणूस आला. पुढच्या महिन्यापासून माझ्या जागी दुसरा येणार, म्हणाला. डाळमिलमध्ये आता माझ्या छातीला कुणी घेणार नव्हतं. नायगावला परत जाऊन काय सांगणार होतो, ते मी रोज मनात जुळवत होतो. ‘पेशी लाल झाल्या म्हणून काढलं’ हे आमच्याकडं कुणाला पटवून देता आलं असतं?

मी ताईंना फोन केला. मदत मागायला नव्हे. पुढच्या खेपेला पेटी घेऊन दुसरा माणूस येईल, त्याला बाटली आडवी ठेवायला सांगा, एवढंच सांगायला. त्यांनी विचारलं, “का, तुम्ही कुठं चाललात?” मग सगळं सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ताई लातूरला आल्या. मी केबिनमध्ये पाण्याचे ग्लास ठेवत होतो. त्या म्हणाल्या, “मामा, तुम्ही थांबा इथंच.” सरांना म्हणाल्या, “सर, पेटीला काही झालेलं न्हाई. पेशींचं खाणं मी बदललं होतं.”

आता इथं सीरमबद्दल सांगावं लागतं. ते गुलाबी पाणी म्हणजे मीठ, साखर, जीवनसत्त्वं. त्यात सीरम घालतात, पिवळसर द्रव. पेशीला लागणारी चरबी, कोलेस्टेरॉल, वाढीची द्रव्यं त्यातूनच मिळतात. हे सीरम बाहेरदेशाहून येतं, आणि ते गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तापासून काढलेलं असतं. कत्तलखान्यात गाय गाभण निघाली तर. सगळ्या जगात तसंच वापरतात. ताईंना हे पहिल्या वर्षी कळलं. त्या रोज सकाळी हातावर इष्टलिंग घेऊन पूजा करून प्रयोगशाळेत यायच्या. त्याच हातानं ती बाटली उघडायची.

“कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग या क्षेत्रात आलीस कशाला,” ताई म्हणाल्या. “मलाबी तेच वाटायचं. म्हणून मी वापरत होते, फक्त कमी-कमी करत नेलं. एकदम न्हाई, पेशींना सवय लावत लावत. अन् मरू नयेत म्हणून बदल्यात वनस्पतीतून काढलेलं स्निग्धाम्ल थोडं-थोडं घातलं. पेशी हळू वाढायच्या, पण छान जगल्या. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय.”

“कोणतं स्निग्धाम्ल?” सरांनी विचारलं. स्निग्धाम्ल म्हणजे तेच चरबीचे धागे.

“करडईच्या तेलात असतं तेच, सर.”

सर खुर्चीत मागं रेलले. मी त्यांचा चेहरा बघत होतो. माझं सगळं त्या चेहऱ्यावर टांगलेलं होतं. राग होता. पण रागाच्या मागं दुसरंच काही हलत होतं, आपण दुकानात काहीतरी विसरलो आणि आत्ता आठवलं, असं.

“म्हणजे कोलेस्टेरॉल कमी मिळालं,” सर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “आणि वाकडे धागे जास्त. पेशी जे खाते त्याचाच पापुद्रा बांधते. पापुद्रा सैल झाला.” मग एकदम सरळ बसले. “हे आधी सांगायला पाहिजे होतं.”

“हो सर.”

“तुझे आतापर्यंतचे सगळे फोटो बाद. कळतंय ना? एकही धरता येणार नाही. सगळं परत.”

“कळतंय सर. पण आज न सांगता मामांना जाऊ दिलं असतं, तर ते फोटो मला धरवले नसते.”

सर माझ्याकडं वळले. “व्यंकट, कंत्राटदाराला मी सांगतो. तू कुठं जाऊ नकोस.” थोडं थांबून म्हणाले, “मी विचारलं ते चुकीचं विचारलं.” मोठ्या माणसाला याच्यापुढं जाता येत नाही. मला तेवढं पुष्कळ झालं. बाहेर येऊन मी वाफेच्या भांड्याचं झाकण उगाच तीनदा पुसलं.

पुढचे काही महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले. ताईंनी लातूरला येऊन सगळं पुन्हा केलं, एकाच खोलीत, एकाच कपाटात. म्हणजे रस्त्याचा प्रश्नच नको. निर्ढावलेल्या पेशींचे दोन भाग केले. एका भागाला नेहमीचं अन्न, दुसऱ्याला ताईंचं. सीरमची बाटली मी उघडायचो, मी मोजून द्यायचो. ताईंनी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या बाटलीकडं हात नेऊन थांबल्या, मी पुढं झालो, त्यांनी हात मागं घेतला. त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही. मी मटण खाणारा माणूस, मला त्याचं काही नाही. पण खरं सांगायचं तर एकदा कळल्यावर मलाही ती बाटली हातात जड लागते.

नंतर फोटोंसाठी पेट्या पुन्हा नांदेडला गेल्या, आणि यावेळी अझहरही माझ्यासोबत गाडीत. लोह्याच्या आधी त्याचं डोकं गाडीच्या टपाला लागलं. “मामा,” तो डोकं चोळत म्हणाला, “पेशी कशा जगल्या ते सोडा, तुम्ही कसे जगलात?”

त्या दिवशी ताईंनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. खोलीत अंधार केला. मला वाटत होतं, आपल्या डोळ्याला काही दिसणार नाही, आणि दिसलं तरी कळणार नाही. आधी नेहमीच्या अन्नावरच्या पेशी लावल्या. काळ्याभोर अंधारात कडेकडेनं अंधुक लालसर धूर, आत जवळजवळ काही नाही. मग त्यांनी दुसरी ताटली लावली. मी डोळा लावला आणि मागं सरलो, पुन्हा लावला. पेशी पेटल्यासारख्या. प्रत्येकीच्या मधोमध शेंदरी निखारा.

“ते मधलं काय?”

“केंद्रक. औषधाला तिथंच जायचं असतं.”

“म्हणजे पोचलं.”

“पोचलं मामा.”

मला त्या म्हाताऱ्याच्या भावाची आठवण झाली. मी विचारलं, “मग माणसाला हे खायला दिलं तर?”

ताईंनी आधी ताटली काढून झाकली, मग पूर्ण सांगितलं. मला त्यांचं हेच आवडतं. “ताटलीत पेशीला खायला आपण घालतो. अंगात तिला रक्त घालतं, लिव्हर घालतं, ती स्वतःबी बनवून घेते. तिथं एवढं सोपं न्हाई. अन् पापुद्रा सैल झाला तर चांगल्या पेशींचाबी होईल, त्यांच्यातबी औषध जाईल. हृदयाला हे औषध आधीच बाधतं. त्यामुळं हे उत्तर न्हाई, हा नुसता प्रश्न हाय. पण चांगला प्रश्न हाय.”

हे मुद्दाम लिहिलं. कारण ही गोष्ट बाहेर कशी फिरली कोण जाणे, एक दिवस चाकूरकडचा एक जण करडीच्या तेलाचा डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात आला. बायकोला लाल औषध चालू होतं. म्हणाला, “ह्याच्यावर तुमच्या सायबाची सही पाहिजे.” सही कशाला? तर डॉक्टरांना दाखवायला, की तेल प्यायला दिलं तर चालतं. मी त्याला बाकावर बसवलं, चहा दिला आणि ताईंनी मला जे सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. डॉक्टरांचं औषध सोडू नका, तेल भाजीत घाला. तो बराच वेळ ऐकत होता. जाताना डबा इथंच ठेवून निघाला होता, मी धावत जाऊन दिला. वाचणाऱ्यांनीही कृपा करून एवढंच घ्या: ताटलीतली पेशी वेगळी, माणूस वेगळा.

ताईंचा प्रबंध आता तपासायला गेलाय. एक वर्ष उशिरा. त्या वर्षात उदगीरला काय झालं ते त्यांनी मला हसत हसत सांगितलं, पण मला हसू आलं नाही. त्यांच्या वडिलांनी, त्या त्यांना अप्पा म्हणतात, आधीच अट घातली होती की ठरल्या मुदतीत शिक्षण संपवायचं. मुदत चुकली. कारण विचारलं तर ताई एवढंच म्हणाल्या, काम पुन्हा करावं लागलं. अप्पांनी त्याचा अर्थ लावला तो लावला. आता सोयऱ्यांत सांगतात, पोरगी मागं पडली. लग्नकार्यात लोक ताईंना विचारतात, “निघाली का बाई एकदाची गाडी?”

मी म्हणालो, “मग खरं सांगा ना अप्पांना.”

“काय सांगू? एका शिपायाची नोकरी जाऊ नये म्हणून वर्ष घातलं, असं? अप्पा त्या शिपायाला शोधत लातूरला येतील, मामा. अन् ते लई मोठ्यानं बोलतात. तुम्हाला न्हाई झेपायचं.”

म्हणजे त्या अजून मला पाठीशी घालून राहिल्या आहेत. हे मला सहन होत नाही. त्यांचं वर्ष मला परत देता येणार नाही, ते माझ्याच्यानं काय कुणाच्याच्यानं होणार नाही. पण त्या वर्षाबद्दल जे चुकीचं बोललं जातं ते मला थांबवता येईल. तर ताई, हे वाचून तुम्ही रागावाल ते रागवा. तुमची तोंडी परीक्षा झाली, तुम्हाला डॉक्टर म्हणायला लागले, की एका सुट्टीत मी उदगीरला जाणार आहे. दुकानात गिऱ्हाईक असेल तर ते जाईपर्यंत बाहेर उभा राहीन. मग आत जाऊन सांगेन, अप्पा, तुमची मुलगी मागं पडली नव्हती, ती एका माणसासाठी थांबली होती. तो शिपाई मीच. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला, पाहिजे तेवढ्या मोठ्यानं.